शनिवारचं लोखंड

"शनवारी त्याल नि लोखंड घरान आनाचा नाय, सगुने. बाकी काय पन इसर, ह्यो इसरू नको."

सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दर शनिवारी हा आवाज सगुणाच्या कानाशी ठरल्यासारखा यायचा. आत्ताही आला, कारण फाटकापाशी तिचा नवरा उभा होता आणि तान्हं मूल छातीशी धरावं तसं त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं एक काळं, तेलकट धूड धरलं होतं.

"गिअरबॉक्स," नामा म्हणाला. कपाळावरून घाम निथळत होता, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. "कुर्ल्याला मिळाला, भंगारात. असा पुन्हा मिळायचा नाही."

"आज वार कोणता?"

"अगं, जड आहे. आत येऊन सांगतो."

"वार विचारला मी."

सगुणा चिडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. ही उतरती पट्टी नामाला पाठ होती. त्यानं आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"शनिवार," तो म्हणाला.

"मग क्लेमेंटिनाबाईंच्या ओसरीवर ठेवा. उद्या सकाळी आणा."

शेजारच्या कुंपणावरून क्लेमेंटिनाचं पांढरं डोकं वर आलं. तिचा नवरा कल्याणला रेल्वेत होता. तो रिटायर झाल्यावर दोघांनी ठाकुर्लीत हे घर घेतलं आणि वर्षभरात तो गेला. तेव्हापासून सगुणाच्या घरात काय चाललंय हे पाहणं हाच तिचा रेडिओ होता.

"आन रे बाबा, आन," ती म्हणाली. "माजी ओसरी म्हंजे तुमच्या देवाची वेटिंग रूम झाली. गेल्या आठवड्यात रेडिएटर येऊन राहिला, आता हा आला. कोन चा पन पीत नाय, तेवडं बरं."

नामा हसला. सगुणा हसली नाही. ती आत गेली आणि तिनं मारुतीसाठी आणलेली रुईची पानं धुवायला घेतली.

शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणू नये, हे पुष्कळ घरांत पाळतात. तांडेलांच्या घरात त्याला कारण होतं. नामाचा बाप खाडीत मासे धरायचा. एका शनिवारी त्यानं होडीसाठी नवा लोखंडी नांगर आणला. नामाच्या आईनं, भागीरथीनं, दारातच अडवलं, तेव्हा तो हसून म्हणाला, घरात कुठे आणतोय, अंगणात ठेवतो. अंगणात ठेवला. त्याच आठवड्यात भरतीच्या पाण्यात होडी उलटली आणि तो परत आला तो चौघांच्या खांद्यावर. नामा तेव्हा पाळण्यात होता. त्या दिवसापासून भागीरथीनं घराचा उंबरा उचलून फाटकाशी नेला. अंगण म्हणजेसुद्धा घर. शनिवारी फाटकाच्या आत ना तेलाचा थेंब यायचा, ना लोखंडाचा खिळा.

सगुणानं हे जसंच्या तसं घेतलं. तिच्या सोमवारला तिचा नेम होता, गुरुवारला होता, चातुर्मासात तर प्रत्येक दिवसाला होता. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे, आणि संध्याकाळचा दिवा तिच्या हातूनच लागत असे. देवाचं तिला कधी ओझं झालं नाही. ओझं झालं ते गाडीचं.

ती गाडी आली पंच्याऐंशी साली. त्या वर्षी नामाच्या सरकारी कचेरीला पाच दिवसांचा आठवडा झाला. इतकी वर्षं रविवार एके रविवार सुट्टी असलेल्या माणसाच्या हातात अचानक अख्खा शनिवार पडला आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. पहिले दोन शनिवार त्यानं झोपून काढले. तिसऱ्या शनिवारी क्लेमेंटिनाकडे तिचा थोरला भाऊ आला. सिल्वेस्टर. ठाण्याला वर्तकनगरात राहायचा, एका कारखान्यात नक्षे काढायचा. उंच, काटक, शर्ट कायम पँटीत खोचलेला. तरुणपणी तो रविवारी मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. त्याची ती गाडी, विलायती, दोन दारांची, बसकी, टप मागे पाडता येणारी, गेली कित्येक वर्षं वर्तकनगरच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत पडून होती आणि सोसायटीनं नोटीस काढली होती.

ही गाडी नामानं पूर्वी पाहिली होती. घोडबंदरच्या रस्त्यावर आईबरोबर मासळीची पाटी घेऊन उभा असताना ती त्याच्या अंगावरून गेली होती. "लाल," तो सगुणाला सांगायचा. "नुसता लाल पट्टा. आई म्हणाली, मेला मरल. आणि मला वाटलं, मरेना का, असा मेला तर काय वाईट."

स्कूटरसाठी साठवलेले पैसे होते. स्कूटरचा नंबर लागायला अजून किती वर्षं जातील ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि सिल्वेस्टर तेवढ्याच पैशांत अख्खी मोटार देत होता.

"शनिवार-रविवार थोडं थोडं करायचं," नामानं सगुणाला समजावलं. "वर्षभरात होईल. इंजीन उघडायचं, घासायचं, पुसायचं, बसवायचं. लागतंय काय त्याला?"

काय लागतं ते मग सगुणानं पाहिलं.

गाडी टेंपोला दोर बांधून शुक्रवारी आली, म्हणून निदान फाटकातून आत तरी येऊ शकली. सगुणानं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. नव्या गाडीचं चाक पहिल्यांदा फिरतं तेव्हा लिंबू चिरडायचं असतं. पण ही गाडी फिरलीच नाही. लिंबं वाळली, काळी पडली, शेवटी कोंबड्यांनी उकरून नेली.

त्या दिवसापासून अंगण गाडीचं झालं. वाळवणं छपरावर गेली. पापड घालायचे तर क्लेमेंटिनाच्या गच्चीवर. गाडीचं इंजीन लोखंडी तिकाटण्यावर टांगलेलं, दारं भिंतीला टेकून, सीटच्या स्प्रिंगांत मांजरी व्यायलेल्या. रविवारी सकाळी नामा फाटक उघडून शेजारी जायचा आणि शनिवारी आणलेलं लोखंड आत आणायचा, तेव्हा त्याच्या चालण्यात मिरवणुकीची ऐट असे. दुपारपर्यंत कळायचं की त्याच्याबरोबर आणखी एक वॉशर पाहिजे होता. रविवारी बाजार बंद. मग पुढचा शनिवार.

मुलीचं, जनीचं, लग्न ठरलं तेव्हा सगुणाला वाटलं, आता तरी हलेल. व्याही काय म्हणतील?

"मांडव वळसा घालून टाकू," नामा म्हणाला.

"गाडीला वळसा?"

"खांबाला खांब लागेल. एवढं काय त्यात."

आणि खरोखरच तसा मांडव पडला. हळदीच्या दिवशी चार म्हातारे टप नसलेल्या त्या गाडीत बसून विड्या ओढत होते आणि नवऱ्यामुलाचा मामा सगळ्यांना विचारत होता, "ही आंदणात द्यायची आहे का? न्यायची कशी?" सगुणानं ते हसण्यावारी नेलं. आत येऊन तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "माझ्या तोंडून आज वाईट शब्द जायला नको, म्हणून मी बोलत नाही." तो शब्द तिनं पुढेही कधी उच्चारला नाही, पण तो होता, हे दोघांनाही माहीत होतं.

सिल्वेस्टर महिन्यातून एखाद्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून, बहिणीकडे जेवायला यायचा आणि जेवणाआधी नामाच्या अंगणात डोकावायचा. त्याला काचबिंदू झाला होता. दर खेपेला थोडं कमी दिसायचं. तो गाडी हातानं पाहायचा. बॉनेटवरून तळवा फिरवायचा, चाकाच्या कमानीत बोटं घालायचा आणि म्हणायचा, "इकडे पत्र्याच्या खड्ड्यात पुटीन भरलंयस. चांगलं भरलंयस." नामा तेवढ्यावर आठवडाभर खूश असायचा.

एका रविवारी इंजीन सुरू झालं. पुऱ्या आळीत धूर झाला. क्लेमेंटिनानं खिडक्या लावून घेतल्या. नामाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळे की कशामुळे, ते सगुणानं विचारलं नाही. तिलाही बरं वाटलं होतं. सिल्वेस्टर मान कलती करून ऐकत राहिला.

"कार्बोरेटर कुनाचा लावलाय?"

"दुसऱ्या गाडीचा. बसतो हिला. मूळचा मिळतच नाही."

"हां," सिल्वेस्टर म्हणाला. "ही खोकते, नामा. माजी गाडी खोकत नव्हती. बोलत होती."

त्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्यानं जे ऐकलं ते सांगितलं. पण त्या संध्याकाळी नामानं इंजीन पुन्हा उतरवलं आणि पुढची दोन वर्षं ते जोडलं नाही.

सगुणाचा संताप झाला. माणसानं एक वाक्य बोलावं आणि दुसऱ्यानं त्यापायी घराची दोन वर्षं घालवावीत, याला काय म्हणायचं? कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, तिथं कोणी कधी शाबास म्हटलं नाही, म्हणून कधी बिघडलं नाही. इथं एका अर्ध्या आंधळ्या म्हाताऱ्याची शाबासकी पाहिजे. ती रोज मारुतीला सांगायची, एकदा ही गाडी चालू दे किंवा एकदाची मोडू दे. दोन्हींतलं काहीही चालेल.

अशाच एका रविवारी तिनं शब्द दिला.

त्या दिवशी ती आधीच तापलेली होती. पूजेची पितळी परात दिसेना म्हणून शोधत अंगणात आली, तर परातीत रॉकेल आणि रॉकेलात इंजिनाचे बोल्ट. नामा गाडीखाली, नुसते पाय बाहेर. सिल्वेस्टर ओसरीवर चहा घेत बसला होता. आताशा त्याला दिवस आणि रात्र एवढंच कळायचं.

"सगुणाबाय," तो म्हणाला, "माजी भैन सांगते, तुमी खोटं बोलत नाय."

"बोलण्यासारखं काही घडत नाही आमच्याकडे."

"मग सांगा. ह्यो मला सांगतो, अंकल, पुढच्या महिन्यात. सात वरसं झाली. मला रेस नको, काय नको. एकदा बाजूला बसायचं नि घोडबंदरपर्यंत जायचं. वारा तोंडावर घ्यायचा. मी बसनार काय तिच्यात? का नाय?"

गाडीखालचे पाय हलले नाहीत. नामा ऐकत होता आणि उत्तर देत नव्हता. सगुणानं त्या पायांकडे पाहिलं, रॉकेलातल्या परातीकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून गेलं, "बसाल. माझा शब्द."

आवाज इतका उतरला होता की सिल्वेस्टरनं पुढे वाकून ऐकलं. मग त्यानं कप खाली ठेवला आणि हात जोडले, हिंदू माणसाला जोडतात तसे.

रात्री जपाची माळ हातात घेतली तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला. नवस ती विचार करून बोलायची. हा रागाच्या भरात बोलून गेली होती. पण रागाच्या भरात दिलेला शब्द निराळ्या वजनाचा असतो असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

नामाला तिनं सांगितलं, "मी शब्द दिलाय. आता तुमचं काम."

"तू कशाला दिलास?"

"तुम्ही दिला नाहीत म्हणून."

त्यानंतर काम खरंच हललं. मूळचा कार्बोरेटर कुठूनसा निघाला. इंजीन बसलं, सुरू झालं, आणि या वेळी खोकलं नाही. निदान सगुणाला तरी तसं वाटलं. रंग दिला, लाल. दारं लागली. राहिले ते ब्रेक. पायाखालचं पेडल मऊ भातासारखं खाली जायचं. मुख्य सिलेंडर गेलेला होता, त्याच्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणं म्हणजे जीवाशी खेळ.

आणि तेव्हा क्लेमेंटिना कुंपणाशी आली. हाक न मारता, नुसती उभी राहिली. सगुणानंच विचारलं, "काय झालं?"

"सिल्वेस्टर चाललाय. पोराकडे, ऑस्ट्रेलियाला. मर्सी तिकीट घेऊन आली." मर्सी म्हणजे सिल्वेस्टरची मुलगी, इस्पितळात नर्स. तिची रात्रपाळी असायची आणि न दिसणाऱ्या बापाला घरी एकटं ठेवणं तिला जमेना. "परत कुटला येतोय आता तो. महिन्याच्या शेवटच्या शनवारी, रात्रीचं विमान."

"शनिवारी?"

"तुमच्या शनवारी," क्लेमेंटिना म्हणाली आणि पदर नसलेल्या फ्रॉकच्या बाहीनं तिनं डोळे पुसले.

त्या दिवसापासून सगुणा रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहू लागली. नामा कचेरीतून यायचा, हातात डबा आणि छत्री.

"सिलेंडर मिळाला?"

"नाही. तो दुकानदार म्हणतो, मागवलाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शेवटच्या आठवड्यात त्यानं मान हलवणंही सोडलं. ती विचारायच्या आत तो हातपाय धुवायला मागच्या दारी जायचा. शुक्रवारी तिनं वाट अडवली.

"उद्या शेवटचा दिवस."

"उद्या सकाळी कुर्ल्याला जाऊन बघतो."

शनिवारी सकाळी सगुणानं स्नान केलं, रुईची माळ केली, मारुतीला घालून आली. परत आली तर नामा अंगणातच. गाडीला कापड मारत होता. चकचकीत बॉनेट आणखी चकचकीत करत होता.

"कुर्ल्याला गेला नाहीत?"

"जातो ना."

ती काही बोलणार तोच शेजारून क्लेमेंटिनाची हाक आली. तिच्या ओसरीवर सिल्वेस्टरसाठी बांधाबांध चालली होती. वर्षभराचा मसाला बाटल्यांत ठासून भरलेला, सुके बोंबील वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"सगुणाबाय गो, तुमचं ते पार्सल कदी नेनार? मला बॅग ठेवायला जागा नाय. तेलाचा डबा पन हाय सोबत. बोंबलाला वास लागंल."

"कसलं पार्सल?"

"नामाचं. मंगळवारपासून पडलंय."

कोपऱ्यात गोणपाट होतं. सगुणानं ते उलगडलं. आत नवाकोरा, ग्रीस लावलेला सिलेंडर, आणि शेजारी ब्रेकच्या तेलाचा सीलबंद डबा.

मंगळवार. मंगळवारी लोखंड आणायला कुणाची हरकत नव्हती. बुधवारी नव्हती. गुरुवारी नव्हती, शुक्रवारी नव्हती.

ती परत अंगणात आली. नामानं तिच्याकडे पाहिलं आणि कापड मारायचं थांबवलं. तिला वाटलं होतं आपण ओरडू. आवाज उतरला.

"का?" ती म्हणाली.

तो ओसरीच्या पायरीवर बसला. हातातल्या कापडाची घडी घालू लागला.

"तो बसेल," शेवटी म्हणाला. "बसेल, ऐकेल. आणि म्हणेल, ही माझी नाही. एवढी वर्षं लावली गं मी. आणि तो घोडबंदरला पोचायच्या आत म्हणेल, नामा, ही माझी नाही."

"म्हणून बसायलाच द्यायचं नाही? म्हातारा न बसताच जाऊ दे?"

"मी म्हटलं, विमान गेलं की प्रश्न मिटला. सांगायचं, पार्ट मिळाला नाही. आणि आज तर शनिवार. तू आत येऊ देणार नाहीस."

म्हणजे हे असं होतं. सगुणा पाळत होती, आणि हा तिच्या पाळण्याच्या मागे लपत होता. किती शनिवार? तिनं मोजले नाहीत, मोजवेनात.

"माझ्या देवाच्या आडून बसलात तुम्ही," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या मनात एक गोष्ट आली, इतकी सोपी की तिला स्वतःचाच राग आला.

"लोखंड आत येत नाही. पण गाडी बाहेर जाऊ शकते. रस्त्यावर बसवता आलं असतं सगळं, दर शनिवारी. हे मला सुचलं नाही, मी बाईमाणूस, मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला कधी सुचलं नाही?"

"सुचलेलं."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी," नामा म्हणाला. "गिअरबॉक्सच्या वेळी."

सगुणानं पदर कमरेला खोचला. फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडले, ते परत मिटू नयेत म्हणून त्यांना विटा लावल्या, आणि ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय करतेस?"

तिनं तळवे टेकले. गाडी हलली नाही. इतक्या वर्षांत चाकं मातीत रुतून बसली होती. मग तिनं चपला काढल्या. माहेरी असताना ओहोटीच्या चिखलातून बापाची होडी पाण्यात लोटायला ती भावांच्या बरोबरीनं असायची. नुसत्या हातांनी होडी सरकत नाही. पाय मागे रोवायचे, पाठ लावायची आणि एकदम जोर न करता झुलवायचं. पुढे, मागे. पुढे, मागे. तिनं पाठ लावली. गाडी कुरकुरली, झुलली, आणि मातीतून निघाली.

"अगं, ब्रेक नाहीत तिला," नामा उठला. "रस्त्याला उतार आहे."

"मग दगड घेऊन पुढे व्हा."

तो धावला. कुंपणाचा एक धोंडा उचलून तो गाडीच्या पुढे, उलटं चालत, बाहेर रस्त्यावर गेला. गाडी फाटकातून बाहेर पडली, उतारावर नाक लावलं, आणि त्यानं धोंडा चाकाखाली टाकला. गाडी थांबली. समोरच्या पानवाल्यानं दुकानातून मान बाहेर काढली.

"तांडेल, होडी काढली काय पाण्यात?"

"काढली," नामा म्हणाला.

क्लेमेंटिनानं गोणपाट आणि डबा स्वतः रस्त्यावर आणून दिला. सगुणा आतून पान्हे घेऊन आली. लोखंड बाहेर न्यायला बंदी नव्हती. नामा पोतं अंथरून गाडीखाली गेला. तो कामाला लागला की त्याच्या हातांना भीती नसायची, हे तिला माहीत होतं. भीती नंतरची होती.

दुपार कलायला लागली तेव्हा खालून आवाज आला, "नळीतली हवा काढायची. आत कुणीतरी पेडल दाबायला पाहिजे."

कुणीतरी म्हणजे तीच होती. तिनं दार उघडलं आणि या गाडीत पहिल्यांदा बसली. सीट इतकी खाली होती की रस्त्यावर बसल्यासारखं वाटलं.

"दाब."

तिनं दाबलं. पाय खाली गेला.

"धरून ठेव. सोड. पुन्हा दाब. धर."

"किती वेळ?"

"हवा आहे तोवर. सोड."

दाब, धर, सोड. उपासानं तिच्या पोटात काही नव्हतं आणि डोकं हलकं झालं होतं. तिच्या मनात जप चालूच होता, आणि केव्हातरी तो याच तालावर चालू लागला. शेवटी एकदा पाय खाली जाईना. मधेच अडला.

"कडक लागतो," ती म्हणाली.

नामा बाहेर आला. त्यानं उघड्या दारातून हात घालून पेडल स्वतः दाबून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"झालं," तो म्हणाला, आणि लगेच, "मी त्याच्या घरी वर नाही येणार. तू जा त्याच्याकडे. मी खाली थांबतो."

"मी आणते त्याला खाली. तुम्ही हात धुऊन या."

तो आत गेला. ती त्याच्या मागून देवघरात गेली. संध्याकाळच्या दिव्याला आज ती घरात नसणार होती. इतक्या वर्षांत हे झालं नव्हतं. तिनं समईत काठोकाठ तेल घातलं, वात थोडी मोठी वळली आणि दिवसाउजेडीच दिवा लावला. क्षणभर हात जोडून उभी राहिली. काही मागितलं नाही.

नामा बाहेर आला तो कचेरीचा इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले. त्यानं धोंडा काढला, चावी फिरवली. इंजीन लागलं. त्यानं मान कलती करून ऐकलं, म्हाताऱ्यासारखी.

"तो म्हणाला तर?"

"म्हणाला तर ऐकू," सगुणा म्हणाली. तिनं पदर सारखा केला, दार ओढून लावलं. "शिळफाट्यावरून चला. अंधार व्हायच्या आत वर्तकनगर आलं पाहिजे. त्याला अजून घोडबंदरला न्यायचंय."

क्लेमेंटिना तिच्या फाटकाशी उभी होती. तिनं भावासाठीच्या मसाल्याची एक बाटली सगुणाच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला झाली. गाडी उतारावरून सावकाश खाली गेली, वळणावर नामानं ब्रेक दाबून पाहिला, ती थांबली, आणि पुन्हा निघाली.